आयसीयूत आत काय चालतं: पहिल्या तासापासून घरी परतेपर्यंत

आयसीयूबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की तिथे आजार बरा करणारी खास यंत्रं असतात. तशी ती नसतात. व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही, डायलिसिसचं मशीन मूत्रपिंड दुरुस्त करत नाही आणि रक्तदाब चढवणारं औषध एकही जंतू मारत नाही. थकलेल्या अवयवाचं काम काही काळ अंगावर घेणं, एवढंच त्यांचं काम. तेवढ्या अवधीत मूळ आजारावरचं औषध लागू पडावं आणि शरीरानं सावरावं, यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

मात्र हा आधार फुकट मिळत नाही. नळी घातली की जंतूंना वाट मिळते. गुंगीचं औषध लांबलं की मेंदू गोंधळतो. पडून राहिलं की स्नायू झिजतात. म्हणून चांगल्या आयसीयूत रोज दोन प्रश्न विचारले जातात: आज कशाला आधार द्यायचा, आणि आज कोणता आधार काढून घेता येईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नातेवाइकांना डोळ्यांनी दिसतं, कारण नळ्या आणि पंप वाढलेले असतात. दुसरा प्रश्न त्यांच्या कानावर क्वचितच येतो. माझं ठाम मत आहे, की रुग्ण किती लवकर आणि कोणत्या अवस्थेत बाहेर येणार हे बरंचसं या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

ज्यांचं माणूस आत आहे आणि जे बाहेर बाकावर बसून आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आत ज्या क्रमानं गोष्टी घडतात, त्याच क्रमानं पुढे जाऊ.

हा विभाग जन्माला कसा आला

हे थोडक्यात सांगणं भाग आहे, कारण आजची पद्धत त्यातूनच आली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. अनेकांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत होते आणि त्या काळची श्वासाची यंत्रं शहरात जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अशा रुग्णांपैकी सुरुवातीला ८० टक्क्यांहून अधिक दगावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून फुप्फुसांत हवा भरायला सुरुवात केली. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी त्याच शहरात गंभीर रुग्णांसाठी कायमचा वेगळा विभाग सुरू केला.

त्या विद्यार्थ्यांकडे मॉनिटर नव्हता, अलार्म नव्हता. रुग्णाच्या उशाशी क्षणभरही न हलणारं माणूस होतं. आजही आयसीयू आणि साधा वॉर्ड यांतला खरा फरक हाच आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे शक्यतो एक नर्स, इतरांसाठी दोन रुग्णांमागे एक, असं प्रमाण राखण्याचा प्रयत्न असतो. एखाद्या आयसीयूचा दर्जा जोखायचा झाला तर मशीन कोणत्या कंपनीचं आहे यापेक्षा रात्री तीन वाजता एका नर्सकडे किती रुग्ण आहेत, हे आधी विचारावं.

पहिला टप्पा: दाखल करण्याचा निर्णय

रुग्णाला आत घेण्यामागे सहसा तीनपैकी एक कारण असतं. एखादा अवयव आधाराशिवाय चालत नाही. किंवा तो कोणत्याही क्षणी बंद पडण्याची भीती आहे. किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मिनिटामिनिटाला लक्ष ठेवावं लागणार आहे. याच वेळी डॉक्टर मनाशी आणखी एक हिशोब करत असतात: यातून सावरण्याजोगं काही आहे का? असाध्य आजाराच्या अगदी अखेरच्या टप्प्यावर आयसीयू मरण लांबवू शकतं, आयुष्य परत देऊ शकत नाही. हा प्रश्न दाखल करतानाच मोकळेपणानं बोलला गेला तर पुढची बरीच तडफड वाचते.

या वेळी तुमच्याकडून नेमकी माहिती लागते. रुग्ण रोज कोणती औषधं घेतो, विशेषतः रक्त पातळ करणारी, साखरेची, फिट्सची. कशाची अ‍ॅलर्जी आहे. आधीचे आजार आणि शस्त्रक्रिया. आणि शेवटचं नीट, नेहमीसारखं कधी होता. हे शेवटचं उत्तर शक्य तितकं तासासकट द्या, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध देता येईल की नाही हे त्यावरच ठरतं. आजारापूर्वी माणूस स्वतःच्या पायांनी किती चालायचा, स्वतःचं काय काय करायचा, हेही सांगा. सावरण्याची ताकद किती आहे याचा अंदाज त्यातून येतो.

दुसरा टप्पा: पहिला तास

दार बंद होतं आणि बराच वेळ कुणीच बाहेर येत नाही. नातेवाइकांना हा काळ खायला उठतो. आत तेव्हा एका ठरलेल्या क्रमानं काम चाललेलं असतं, आणि निदान पक्कं होण्याची वाट कुणी बघत नाही. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास पुरेसा आहे का, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग उघडून तपासणी. क्रम असा असण्याचं कारण सरळ आहे: जे आधी जीव घेईल ते आधी बघायचं.

शुद्धीसाठी ग्लासगो कोमा स्केल वापरतात. १९७४ सालापासून ती वापरात आहे. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण द्यायचे. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त १५. गुण ८ किंवा त्याखाली गेले की रुग्णाला स्वतःची श्वासाची वाट सांभाळता येणार नाही अशी शंका धरतात, आणि नळी घालण्याचा विचार सुरू होतो.

याच तासात शिरेत सुया बसतात, रक्ताचे नमुने जातात, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे निघतो. धमनीतल्या रक्ताची ब्लड गॅस तपासणी काही मिनिटांत हाती येते आणि त्यातून बरंच कळतं: ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, रक्ताची आम्लता, आणि लॅक्टेट. पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोचत नसला की लॅक्टेट साठतं. ते लिटरमागे २ मिलिमोलच्या वर असेल तर डॉक्टर सावध होतात आणि ते दर काही तासांनी उतरतंय का हे बघतात.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव ढेपाळू लागतात तेव्हा, तर घड्याळावर नजर ठेवूनच काम चालतं. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठीचा नमुना, घ्यायचं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं. रक्तदाब कोसळलेला असेल तर हे सगळं एका तासात. दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर सलाईन पहिल्या तीन तासांत दिलं जातं. तेवढ्यानंही रक्तदाब उभा राहिला नाही तर तो चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे औषध सिरिंज पंपातून सुरू होतं. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पहिलं अँटिबायोटिक अंदाजानं आणि व्यापक निवडतात. नंतर ते बदललं किंवा कमी केलं तर आधीचं चुकलं असा अर्थ काढू नका. जंतू ओळखला गेला, म्हणून औषध नेमकं झालं.

तिसरा टप्पा: मॉनिटर वाचायला शिका, पण त्याला चिकटू नका

पडद्यावर साधारण पाच गोष्टी असतात. हृदयाचे ठोके, ऑक्सिजनची टक्केवारी, रक्तदाब, श्वासांची संख्या आणि कधी कधी तापमान. रंग यंत्रागणिक वेगळे असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका.

रक्तदाबाच्या दोन आकड्यांशेजारी कंसात तिसरा आकडा असतो, तो सरासरी दाबाचा. आयसीयूत त्यालाच सर्वाधिक महत्त्व आहे. खालच्या आकड्यात दोन्हींमधल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवला की तो साधारण मिळतो. १२०/८० असेल तर ९३ च्या आसपास. मेंदू आणि मूत्रपिंडाला रक्त पोचत राहावं म्हणून हा आकडा बहुतेकांमध्ये किमान ६५ राखतात. ऑक्सिजनचं लक्ष्य मात्र शंभर नसतं. पुष्कळ रुग्णांमध्ये ९२ ते ९६ पुरेसे असतात, आणि जुन्या दम्यासारख्या सीओपीडीच्या आजारात तर मुद्दाम ८८ ते ९२ इतकंच ठेवतात, कारण जादा ऑक्सिजननं त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. ९१ दिसलं म्हणून धावत जाऊन नर्सला ओरडण्याआधी या रुग्णासाठी लक्ष्य किती ठरलंय, हे एकदा विचारून घ्या.

ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटावरच्या चिमट्यामागचं तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलं. पण हात गार पडले, नखांना रंग असला, रुग्ण थरथरत असला की तो फसतो. गडद त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. म्हणून अधूनमधून धमनीतल्या रक्तावरून खात्री करावी लागते.

अलार्म सतत वाजत असतात. त्यातले बरेच तार निसटल्यामुळे, हात हलल्यामुळे किंवा पंपातलं औषध संपत आल्यामुळे वाजतात. नर्सला आवाजावरून कोणता अलार्म धोक्याचा हे कळतं. तुम्ही पडद्याऐवजी आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. रुग्णाला आकडे मोजणाऱ्या नातेवाइकाचा काही उपयोग नाही. ओळखीचा चेहरा समोर असण्याचा आहे.

चौथा टप्पा: श्वासाचा आधार

व्हेंटिलेटर हा शब्द ऐकला की घरात रडारड होते. खरं तर तिथवर पोचण्याआधी पायऱ्या असतात. साधा मास्क, मग नाकातून मिनिटाला ६० लिटरपर्यंत गरम, ओलसर हवा सोडणारी हाय फ्लो पद्धत, मग तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबानं हवा देणारं बायपॅप. यातल्या कोणत्याही पायरीवर रुग्ण सावरू शकतो. पण थकवा वाढत चालला, शुद्ध हरपू लागली किंवा ऑक्सिजन टिकेनासा झाला, तर नळी घालायला उशीर करणं धोक्याचं असतं. दमछाक होऊन हृदय थांबण्याच्या बेताला आलेल्या रुग्णाला घाईत नळी घालण्यापेक्षा दोन तास आधी शांतपणे घातलेली केव्हाही बरी.

नळी घालण्यापूर्वी झोपेचं आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते, म्हणून ती असेपर्यंत रुग्णाला बोलता येत नाही. जागा बरोबर आहे का हे बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून लगेच आणि नंतर एक्स-रेवर तपासतात.

आता व्हेंटिलेटर नेमकं काय करतं? ठरावीक दाबानं ठरावीक हवा आत सोडतं आणि श्वास सोडतानाही फुप्फुसांत थोडा दाब शिल्लक ठेवतं, म्हणजे हवेचे कप्पे मिटत नाहीत. पूर्वी मोठमोठे श्वास दिले जायचे. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनं दाखवून दिलं, की सुजलेल्या, कडक झालेल्या फुप्फुसांना दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर इतके छोटे श्वास दिले तर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतं. हे किलो प्रत्यक्ष वजनाचे नसतात, उंचीवरून काढलेले असतात. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत. नर्स टेप घेऊन बेशुद्ध रुग्णाची उंची मोजताना दिसली तर ती याचसाठी.

फुप्फुसं फारच बिघडली असतील तर रुग्णाला पालथं झोपवतात. पाठीकडचे मिटलेले कप्पे त्यानं उघडतात. दिवसाला सलग किमान १६ तास असं ठेवलं तर गंभीर रुग्णांमधले मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २०१३ साली फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत दिसलं. चेहरा सुजलेला, मान वळवलेली, अंगाखाली उशा, हे दृश्य बघवत नाही. पण पाच-सहा जणांनी मिळून, एकेक नळी सांभाळत केलेलं ते कसबाचं काम आहे.

पाचवा टप्पा: रोजचं, कंटाळवाणं, जीव वाचवणारं काम

आयसीयूतले बहुतेक तास थरारक नसतात. सकाळच्या राउंडला डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट एकेका रुग्णापाशी थांबतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा विचारतात. बेल्जियमचे डॉ. जाँ-लुई व्हिन्सेंट यांनी २००५ साली यासाठी सात गोष्टींची छोटी यादी मांडली: अन्न, वेदना, गुंगी, पायात गुठळी होऊ नये याची काळजी, डोक्याकडची बाजू उंच, पोटातल्या अल्सरला प्रतिबंध आणि साखर. सात गोष्टी, रोज, न चुकता.

यातली डोकं उंच ठेवण्याची गोष्ट किती साधी आहे बघा. पलंग ३० ते ४५ अंशांत उचलला की पोटातलं द्रव घशाकडे येऊन फुप्फुसात उतरण्याची शक्यता कमी होते. त्याच्या जोडीला रोज तोंडाची स्वच्छता, आणि श्वासनलिकेतली नळी घट्ट बसवणाऱ्या फुग्यातला दाब तपासणं. भेटीला गेलात आणि रुग्ण पलंगावर सपाट झोपलेला दिसला तर नर्सला आदरानं विचारा, यामागे काही कारण आहे का. कधी कारण असतं, कधी पलंग खाली करून पुन्हा उचलायचा राहिलेला असतो.

अन्न शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच, नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे सुरू करतात. आतडं रिकामं ठेवलं तर त्याचं अस्तर कमकुवत होतं. तोंडानं काही भरवायचा मोह मात्र टाळा. गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाला चमचाभर पाणीही फुप्फुसात जाऊन महागात पडतं. साखर साधारण १४० ते १८० मध्ये राखतात. ती निरोगी माणसाइतकी खाली आणावी असं एकेकाळी वाटायचं, पण ६००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत २००९ साली तसं केल्यानं मृत्यू वाढल्याचं दिसलं. रक्त चढवण्याचंही असंच. बहुतेक स्थिर रुग्णांमध्ये हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाईपर्यंत रक्त देत नाहीत. आयसीयूच्या शास्त्रानं गेल्या काही दशकांत शिकलेली मोठी गोष्ट म्हणजे आकडे सुंदर करण्याच्या नादी न लागणं.

मग नळ्या. मानेतली सेंट्रल लाइन थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. तीव्र औषधं सहसा तिथूनच देतात. तिच्यातून जंतू शिरले तर थेट रक्तात. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळायचं ठरवलं: हात धुणं, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक गाऊन आणि चादर, त्वचेवर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, जांघेतली शीर शक्यतो टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही महिन्यांतच तिथल्या निम्म्याहून अधिक आयसीयूंमध्ये असे संसर्ग शून्यावर आले. यात एकही नवं औषध नव्हतं. तुमच्याकडूनही यात वाटा हवा: आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा, आणि सर्दी-ताप असेल तर आत जाऊच नका.

लघवीचं माप तासातासाला लिहितात. दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिलिटर, ही साधारण खालची मर्यादा. मूत्रपिंडं फारच मागे पडली तर डायलिसिस लागतं. रक्तदाब नाजूक असेल तर ते चोवीस तास संथ चालणाऱ्या मशीनवर करतात. आयसीयूत लागलेलं डायलिसिस कायमचंच असतं असं मुळीच नाही. वाचलेल्या अनेक रुग्णांची मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागतात.

सहावा टप्पा: वेदना, गुंगी आणि भ्रम

या टप्प्याला मी मुद्दाम जास्त जागा देणार आहे, कारण इथे नातेवाईक जेवढं करू शकतात तेवढं दुसरीकडे कुठेच नाही.

पूर्वी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गाढ झोपवून ठेवायची पद्धत होती. दयेपोटीच. पण गाढ झोपवलेले रुग्ण व्हेंटिलेटरवर जास्त दिवस अडकतात. २००० सालच्या एका अभ्यासात गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून रुग्णाला जागं केलं, तेव्हा व्हेंटिलेटरवरचे साधारण दोन दिवस वाचले. आता आधी वेदनेचं औषध, मग गरज असेल तेवढीच हलकी गुंगी, असा क्रम असतो. रुग्ण बोलू शकत नसला तरी कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, व्हेंटिलेटरशी झटापट, यांवरून नर्स वेदनेला गुण देते. त्यामुळे तुमचं माणूस नळीसकट डोळे उघडून तुमच्याकडे बघत असेल तर घाबरू नका, आणि 'त्यांना झोपवून टाका' असा आग्रहही धरू नका.

भ्रम ही वेगळी गोष्ट आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत तो इतका सर्रास दिसतो, की काही अभ्यासांत दर पाचांपैकी चौघांना झालेला आढळला. भिंतीवर किडे दिसतात, नर्स आपल्याला मारायला आली आहे असं वाटतं, घरच्यांवर आरोप होतात. दुसरा प्रकार गप्प असतो: रुग्ण शून्यात बघत पडून राहतो आणि सगळ्यांना वाटतं, किती शांत आहे. हा गप्प प्रकारच जास्त निसटतो. तो ओळखण्याची चाचणी सोपी आहे. नर्स एकेक अक्षर हळूहळू उच्चारते आणि ठरलेलं अक्षर आलं की रुग्णानं हात दाबायचा. ज्याचं लक्ष टिकत नाही त्याचे दाब चुकतात.

हे वेड नाही, आजारी मेंदूची प्रतिक्रिया आहे, आणि बहुतेकांची ती उतरते. तुम्ही करायचं ते असं: चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र आणून द्या, त्यांच्याविना जगच अर्धं होतं. भेटताना आधी आपलं नाव सांगा, मग आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, काय झालं होतं, हे दर वेळी नव्यानं सांगा. किडे नाहीतच असा वाद घालू नका आणि किडे आहेत असं मान्यही करू नका. 'तुम्हाला भीती वाटतेय ना, मी इथे आहे' एवढं पुरे. दिवसा उजेड आणि गप्पा, रात्री अंधार आणि शांतता मिळावी यासाठी नर्सशी बोला. हात धरा. आणि गुंगीतल्या माणसासमोर बिलाची, भांडणाची किंवा 'आता काही खरं नाही' अशी बोलणी करू नका. कानावर पडलेलं किती आत पोचतं हे बाहेरून ओळखता येत नाही.

सातवा टप्पा: हालचाल

गंभीर रुग्णाच्या मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांतच सुमारे एक षष्ठांशानं घटतो असं मोजमापात आढळलं आहे, आणि एकाहून जास्त अवयव निकामी असतील तर त्याहूनही जास्त. म्हणून बेशुद्ध असतानाच फिजिओथेरपिस्ट हातपाय हलवायला लागतो. पुढे पलंगाच्या कडेला बसवणं, उभं करणं, आणि शक्य असेल तर व्हेंटिलेटरसकट चार पावलं चालवणं. नातेवाइकांना वाटतं, एवढ्या आजारी माणसाला का छळतात? छळ वाटला तरी स्थिर रुग्णासाठी ही गरज आहे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड तपासणं, हे बेडसोअर टाळण्यासाठी. एकदा जखम झाली की ती भरायला महिने लागू शकतात.

आठवा टप्पा: डॉक्टरांशी बोलणं

घरातून एकच माणूस ठरवा, त्यानंच रोज डॉक्टरांशी बोलावं आणि बाकीच्यांना सांगावं. पाच जणांना पाच वेळा सांगितलेलं पाच तऱ्हांनी पोचतं आणि घरात संशय वाढतो. वही ठेवा.

'कसे आहेत?' या प्रश्नाला 'गंभीर पण स्थिर' हेच उत्तर येणार. याचा अर्थ आधार भरपूर लागतोय, पण तो वाढवावा लागत नाहीये. त्यापेक्षा नेमकं विचारा. कोणते अवयव आधारावर आहेत? कालच्यापेक्षा आधार वाढला की कमी झाला. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा वेग आणि ऑक्सिजनची टक्केवारी किती आहे? मूळ आजार औषधाला दाद देतोय का? आज कोणती नळी काढता येईल? पुढच्या ४८ तासांत काय झालं तर चांगलं समजायचं आणि काय झालं तर वाईट? एका दिवसाच्या आकड्यावर आशा किंवा निराशा बांधू नका, दोन-तीन दिवसांचा कल बघा.

कधी कधी कल सतत खालीच जातो. अशा वेळी काही ठरावीक दिवस पूर्ण उपचार करून बघायचे आणि मग पुन्हा एकत्र बसायचं, असं ठरवणं सगळ्यांना झेपतं. त्या बैठकीत 'तुम्हाला काय करायचंय?' या प्रश्नाचं ओझं एकट्या मुलावर किंवा पत्नीवर पडू देऊ नका. बोलणं रुग्णाभोवतीच राहू द्या: त्यांना बोलता आलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं? यंत्रांचा आधार पुढे न वाढवण्याचा निर्णय झाला तरी काळजी थांबत नाही. वेदना, धाप, घशातली घरघर यांवर औषधं चालूच राहतात, तपासण्यांच्या सुया थांबतात, आणि घरच्यांना जवळ बसू द्यायला हवं. ते मिळत नसेल तर मागा.

नववा टप्पा: व्हेंटिलेटरवरून उतरणं

ऑक्सिजनची गरज कमी झाली, रक्तदाब औषधांच्या फारशा मदतीविना टिकला, रुग्ण जागा असला की रोज चाचणी घेतात: व्हेंटिलेटरचा आधार जवळजवळ काढून घेऊन अर्धा ते दोन तास रुग्णाला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ द्यायचा. श्वास उथळ आणि भराभर झाला, घाम फुटला तर पुन्हा आधार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. यात नापास होणं अगदी सर्रास घडतं. उत्तीर्ण झाला, जोरात खोकता आलं, की नळी निघते. नंतर काही दिवस आवाज बसलेला असतो आणि गिळणं तपासल्याशिवाय खायला देत नाहीत.

एक-दोन आठवड्यांत उतरता येईल असं दिसत नसेल तर गळ्यातून ट्रॅकिओस्टोमी करतात. गळ्याला भोक म्हणून लोक बिचकतात, पण तोंडातल्या नळीपेक्षा ती खूपच सुसह्य असते. गुंगी कमी लागते, तोंड स्वच्छ राहतं, पुढे खास झडप लावून बोलताही येतं. गरज संपल्यावर नळी काढली की छिद्र सहसा आपोआप बुजतं.

दहावा टप्पा: वॉर्ड, मग घर

वॉर्डात हलवल्यावर एकदम पोरकं वाटतं, कारण जवळ कायम बसलेली नर्स आता नसते. हलवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: कोणती औषधं फक्त आयसीयूपुरती होती आणि आता बंद करायची आहेत, घरची कोणती जुनी औषधं थांबवली होती आणि ती पुन्हा कधी सुरू होणार, आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच कळवायचं.

घरी आल्यावर लोक भेटायला येतात आणि म्हणतात, 'झालं ना बरं?' झालेलं नसतं. जिना चढवत नाही, केस गळतात, नावं आठवत नाहीत, हिशोब चुकतात, रात्री अलार्मचे आवाज ऐकू येऊन दचकून जाग येते. आयसीयूनंतरच्या या शारीरिक, बौद्धिक आणि मानसिक त्रासांना पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात. काही महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ हे चालू शकतं. काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही चिंता, निद्रानाश, उदासी येऊ शकते आणि त्यांनाही उपचारांचा तेवढाच हक्क आहे.

अनेक देशांत नर्स आणि नातेवाईक मिळून आयसीयूत रुग्णाची डायरी लिहितात: आज नळी काढली, आज तुम्ही भाचीचं नाव घेतलंत, आज पहिल्यांदा खुर्चीत बसलात. रुग्णाच्या आठवणीत ते दिवस म्हणजे नुसते तुटक भास असतात; डायरी वाचली की काय घडलं याची सलग गोष्ट हाती येते. तुमच्या रुग्णालयात ही पद्धत नसली तरी तुम्ही बाकावर बसल्या बसल्या सुरू करू शकता. आकडे लिहायची गरज नाही. वाचायला मात्र रुग्ण स्वतः मागेल तेव्हाच द्या.

घरी रोज थोडं चालणं, प्रथिनं भरपूर असलेला आहार, फिजिओथेरपी आणि ठरलेल्या वेळी झोप, इथून सुरुवात करा. दोन-तीन महिन्यांनी एकदा सविस्तर तपासणी करून घ्या आणि तिथे स्मरणशक्ती, मनःस्थिती आणि गिळण्याबद्दलही बोला. नुसते रक्ताचे रिपोर्ट दाखवून परतू नका. ट्रॅकिओस्टोमी किंवा बरेच दिवस नळी झालेल्या माणसाला काही आठवड्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर श्वासनलिका अरुंद होत असण्याची शक्यता असते. ते दम्यावर ढकलू नका, लगेच दाखवा. पुन्हा ताप, वाढती धाप, नवा गोंधळ, लघवी कमी होणं किंवा एका पायाला आलेली सूज, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि जाताना डिस्चार्जचा कागद सोबत घ्या.